पाय उंच ठेवायचे की खाली सोडायचे? उतारवयात पायांचं रक्ताभिसरण बिघडल्यावरचे उपचार

पायांचं रक्ताभिसरण नीट नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात दोन सल्ले लगोलग मिळतात: पाय उशीवर उंच ठेवा आणि घट्ट मोजे घाला. काही रुग्णांना हे दोन्ही सल्ले तंतोतंत लागू पडतात. काहींचा पाय मात्र या दोन सल्ल्यांमुळेच धोक्यात येतो. म्हणून औषधांकडे आणि ऑपरेशनांकडे वळण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. अडचण रक्त खाली पोचण्यात आहे, की खालून वर परतण्यात?

रक्त खाली नेण्याचं काम धमन्या करतात. वय, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांच्यामुळे धमन्यांच्या आतल्या भिंतीवर चरबीचे आणि कॅल्शियमचे थर साचत जातात, वाट अरुंद होते आणि पायाला रक्त कमी पडतं. वर आणण्याचं काम शिरांचं. रक्त मागे फिरू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात, आणि चालताना पोटरी आवळली की शिरा पिळल्या जाऊन रक्त वर ढकललं जातं. झडपा ढिल्या पडल्या किंवा माणूस दिवसभर खुर्चीत बसून राहिला की रक्त घोट्याशी तुंबतं. रक्त तुंबलेला पाय उंच केला की मोकळा होतो. ज्या पायाला मुळातच रक्त कमी पोचतं तो उंच केला, तर पोचणारं थोडंफार रक्तही आटतं. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या एका फरकावर ठरतात.

आधी हे पाहा: थांबायला वेळ आहे का?

पाय अचानक दुखायला लागला, गार पडला, पांढराफटक किंवा निळसर दिसू लागला, बधीर झाला किंवा बोटं हलेनाशी झाली, तर धमनीत गुठळी अडकली असण्याची शक्यता असते. हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या वृद्धांमध्ये अशी गुठळी हृदयातून सुटून पायात येऊन बसते. इथे तास मोजायचे असतात. साधारण ६ तासांच्या पुढे स्नायू आणि मज्जातंतू कायमचे निकामी होऊ लागतात, त्यामुळे सकाळी दाखवू म्हणून रात्र काढू नये. पाय शेकू नका, चोळू नका, उंच करू नका. रक्तवाहिन्यांचे सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयात थेट जा, आणि निघण्याआधी तिथे फोन करून तसे सर्जन आहेत का ते विचारा. जिथे ही सोय नाही अशा दवाखान्यात गेलेला वेळ भरून निघत नाही.

दुसरी तातडीची स्थिती शिरेची. एकाच पायाची पोटरी एक-दोन दिवसांत सुजली, तटतटली, गरम लागू लागली तर खोल शिरेत गुठळी झालेली असू शकते. हाड मोडल्यावर, ऑपरेशननंतर किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यावर हा धोका वाढतो. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं, म्हणून सुजलेली पोटरी कधीही रगडू नये. त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्यावी. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर सरळ आपत्कालीन विभाग गाठावा. निदान पक्कं झालं की रक्त पातळ करणारी औषधं सहसा किमान ३ महिने चालतात.

घरच्या घरी काय ओळखता येतं

धमनीच्या आजाराचं ठरलेलं लक्षण असं: ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते, आवळल्यासारखी दुखते, नुसतं उभं राहिलं तरी काही मिनिटांत थांबते, आणि पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा सुरू होते. अडथळा वर कमरेजवळ असेल तर दुखणं मांडीत किंवा ढुंगणात जाणवतं. कमरेच्या मणक्यातली जागा अरुंद झाल्यावरही चालताना पाय दुखतात, पण तेव्हा नुसतं उभं राहून भागत नाही. बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. कशावर तरी वाकून, ढकलगाडीच्या आधाराने आरामात चालणारा आणि ताठ चालताना अडणारा माणूस बहुधा मणक्याचा रुग्ण असतो.

पण अनेक वयस्क माणसं ही तक्रार करतच नाहीत. पोटरी दुखायला लागली की ती चालणं कमी करतात आणि चालणं कमी झालं की दुखणंही थांबतं. म्हणून 'पाय दुखतात का?' असं विचारून उपयोग नाही. 'गेल्या वर्षी कुठपर्यंत चालत जात होता, आता कुठपर्यंत जाता?' असं विचारा. उत्तरात अंतर निम्म्यावर आलेलं निघालं तर वयाला दोष देण्याआधी पाय तपासून घ्या.

आजार पुढे गेला की झोपेत त्रास होतो. रात्री बोटं आणि तळवे ठणकतात, आणि पाय पलंगावरून खाली लोंबकळत सोडला की बरं वाटतं. रात्रभर पाय खाली सोडून खुर्चीत बसणारे आजोबा घरात असतील तर ती सवय समजू नका, ती आजाराची खूण असू शकते. आडवं पडून पाय मिनिटभर वर धरला की तळवा पांढरा पडतो आणि खाली सोडल्यावर हळूहळू लालभडक होतो, हीसुद्धा तशीच खूण. बोटांच्या टोकाला, टाचेवर किंवा बोटांच्या मध्ये न भरणारी जखम असेल तर पुढच्या काही दिवसांतच तज्ज्ञ गाठायला हवा.

नाडी हाताने पाहता येते. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या रेषेत मध्यावर दोन बोटं अलगद टेकवा. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या मागे. अंगठ्याने पाहू नका, स्वतःचीच नाडी लागते. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही जन्मतः लागत नाही, त्यामुळे ती सापडली नाही म्हणून घाबरून जायला नको. दोन्ही जागी काहीच लागत नसेल, किंवा एका पायात लागते आणि दुसऱ्यात नाही असं असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

शिरांचा त्रास दिवसाच्या वेळेवरून कळतो. सकाळी पाय बरे, संध्याकाळी जड आणि सुजलेले, मोज्याच्या काठाचा वळ उमटलेला. नडगीला खाज, घोट्याच्या वर तपकिरी डाग, कातडी कडक झालेली, फुगलेल्या निळ्या शिरा, आणि जखम झालीच तर बहुतेक वेळा आतल्या घोट्याच्या वर.

आणि काही त्रास रक्ताभिसरणाचे नसतातच. दोन्ही तळव्यांत जळजळ आणि मुंग्या या बहुधा मज्जातंतूंच्या असतात. त्यामागे मधुमेह असतो किंवा बी-१२ ची कमतरता असते, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं. रात्री अचानक पोटरीत गोळा येऊन मिनिटाभरात सुटणं यालाही धमन्या सहसा जबाबदार नसतात.

तपासणी: घोटा आणि दंड यांचा रक्तदाब

या आजाराची सगळ्यात उपयोगी तपासणी स्वस्त आणि बिनदुखीची आहे, तरी ती फार कमी वेळा केली जाते. रुग्णाला काही मिनिटं आडवं झोपवतात. दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा वरचा रक्तदाब मोजतात. घोट्याशी स्टेथोस्कोपऐवजी डॉपलरचं छोटं पेनसारखं यंत्र लावतात, त्यातून धमनीचा सूं-सूं आवाज येतो. पट्टा फुगवला की आवाज बंद होतो, हवा सोडताना ज्या आकड्यावर तो परत येतो तो घोट्याचा दाब. मग घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागायचं. दंडाचा १४० आणि घोट्याचा ८४ असेल तर उत्तर ०.६.

१ ते १.४ हे ठीक. ०.९ किंवा त्याखाली असेल तर धमनीचा आजार आहे. ०.४ च्या खाली तो गंभीर आहे. १.४ च्या वरचा आकडा छान समजू नये. मधुमेह किंवा मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात धमन्या इतक्या कडक होतात की पट्ट्याने दबतच नाहीत आणि आकडा खोटा वाढतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात, कारण तिथल्या बारीक धमन्या सहसा एवढ्या कडक होत नाहीत. आडवं पडून आकडा ठीक येतो पण चालताना दुखतं, असं असेल तर चालवून लगेच पुन्हा मोजतात.

त्यानंतरची पायरी कलर डॉपलर सोनोग्राफी. ती अडथळा कुठे आणि किती ते दाखवते, आणि शिरांच्या झडपाही तिच्यातच तपासता येतात. सीटी अँजिओग्राफीची घाई करू नये, असं माझं मत. तिच्यात टोचलेल्या रंगद्रव्याचा मूत्रपिंडावर ताण येतो आणि उतारवयात मूत्रपिंड आधीच थकलेली असतात. अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी रुंद करणं) किंवा बायपास (अडथळ्याला वळसा देणारं ऑपरेशन) करायचा विचार पक्का होत असेल तेव्हाच ती कामाची. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहावं, आणि मेटफॉर्मिन थांबवायचं का ते विचारून घ्यावं.

धमनीचा आजार: औषधं पायापेक्षा हृदयासाठी

धमनीच्या आजाराचं नाव ऐकलं की पाय कापावा लागेल का, ही भीती पहिली येते. चालताना दुखणं एवढंच लक्षण असलेल्या बहुतेकांचा पाय जात नाही. त्यांना खरा धोका हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा असतो, कारण पायात साचलेले थर हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही असतात. म्हणून पायासाठी गेलेल्या माणसाला आयुष्यभराच्या गोळ्या मिळतात, आणि पाय तर तसाच दुखतोय मग गोळ्या कशाला, असं म्हणून तो त्या सोडून देतो. या आजारात होणारी ही सगळ्यात महागडी चूक आहे.

गोळ्या साधारण अशा. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ७५ मिलिग्रॅम, यांपैकी एक, गुठळी होऊ नये म्हणून. सोबत स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी), मग कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट 'नॉर्मल' असला तरी. इथे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) निदान निम्म्यावर आणि ७० च्या खाली आणायचं असतं. ८० च्या पुढच्या नाजूक प्रकृतीच्या माणसाला मात्र डॉक्टर कमी मात्रा निवडतात आणि स्नायू दुखतात का ते विचारत राहतात. रक्तदाब आवरायचा, पण उठताना चक्कर येईल इतका खाली न्यायचा नाही. साखरेचंही तसंच. म्हातारपणी साखर एकदम खाली गेली तर माणूस पडतो, आणि मोडलेल्या खुब्याने पायापेक्षा जास्त नुकसान होतं.

काही रुग्णांना ॲस्पिरिनसोबत रिव्हारोक्सॅबान हे रक्त पातळ करणारं औषध २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत या जोडीने हृदयाच्या आणि पायाच्या गंभीर घटना कमी झाल्या, पण रक्तस्राव वाढला. ज्यांना अल्सर झाला होता, जे वरचेवर पडतात, ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब वेगळा बसतो. ॲस्पिरिन आपल्या मनाने सुरू करू नये आणि दात काढायचाय म्हणून आपल्या मनाने बंदही करू नये.

चालण्याचं अंतर वाढवणारं औषध म्हणजे सिलोस्टॅझॉल. १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा दोन तासांनी. डोकेदुखी, जुलाब, धडधड होऊ शकते. हृदय कमजोर असेल, म्हणजे हार्ट फेल्युअरचं निदान कधीही झालेलं असेल, तर हे औषध अजिबात चालत नाही. पायाच्या डॉक्टरांना हृदयाचा इतिहास माहीत असेलच असं धरून चालू नका, स्वतःहून सांगा. तीन महिन्यांत फरक वाटला नाही तर चालू ठेवण्यात अर्थ नाही. पेंटॉक्सिफायलिन या जुन्या गोळीचा चालण्यासाठी फारसा उपयोग होत नाही. गंमत म्हणजे तीच गोळी शिरांमुळे झालेल्या जखमा भरायला मदत करते.

तंबाखू सोडणं या सगळ्यांच्या वर. 'आता ७५ व्या वर्षी सोडून काय मिळणार?' हा प्रश्न घरोघरी येतो. तंबाखू चालू राहिली तर बायपास आणि स्टेंट (धमनीत बसवलेली जाळी) लवकर बुजतात आणि जखमा भरत नाहीत. सोडली तर हा धोका कोणत्याही वयात कमी होतो. नुसत्या निर्धारावर विसंबू नका. निकोटिनचे पॅच आणि गोळ्या डॉक्टरांकडून मागून घ्या.

चालणं: दुखेपर्यंत, आणि मग थोडं पुढे

चालताना दुखतं म्हणून चालणं बंद करणं ही सगळ्यांची स्वाभाविक प्रतिक्रिया. उपचार याच्या नेमका उलट आहे. दुखेपर्यंत चालल्याने स्नायू कमी प्राणवायूत काम करायला शिकतात, चाल सुधारते आणि अंतर वाढतं. अनेकांना याचा फायदा गोळ्यांपेक्षा जास्त होतो.

पद्धत अशी. ३ ते ५ मिनिटांत पोटरी दुखू लागेल एवढ्या वेगाने सपाट जागी चालायचं. दुखायला लागलं की लगेच थांबायचं नाही, दुखणं मध्यम होईपर्यंत पुढे जायचं. शून्य ते पाच या मापावर तीन-चार. मग उभं राहून किंवा बसून पूर्ण थांबू द्यायचं आणि पुन्हा चालायचं. थांबण्याचा वेळ धरून ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान ३ दिवस, किमान १२ आठवडे. सुरुवातीला प्रत्यक्ष चालणं १०-१५ मिनिटंच भरेल, ते चालतं. थांबल्याशिवाय ८-१० मिनिटं जाता आलं की वेग वाढवायचा. पहिल्या महिन्यात फारसं काही जाणवत नाही आणि तिथेच बहुतेकजण सोडतात.

आरामात, न दुखता चाललं तर चालेल का? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत हेच तपासलं होतं. वर्षभर घरच्या घरी न दुखता हळू चालणाऱ्यांना, काहीच न करणाऱ्यांपेक्षा फायदा झाला नाही. दुखेपर्यंत चालणाऱ्यांना झाला. म्हणजे संध्याकाळचा गप्पा मारत केलेला फेरफटका मनाला चांगला, पण तो हा उपचार नव्हे.

सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, विशेषतः छातीत दुखण्याचा इतिहास असेल तर. पायावर उघडी जखम असेल किंवा बसल्या जागी पाय ठणकत असेल, तर हा व्यायाम करायचा नाही. तिथे आधी रक्त पोचवावं लागतं. गुडघ्यांमुळे चालताच येत नसेल तर बसून हाताने फिरवायच्या सायकलनेही चालण्याचं अंतर वाढतं, कारण व्यायामाचा फायदा सगळ्या शरीराला होतो. काठी घेण्यात कमीपणा मानू नये, आणि पहिले काही दिवस कोणीतरी सोबत असावं.

फुगा, स्टेंट की बायपास?

१६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत पोर्टलंड इथे चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने पायाच्या अरुंद झालेल्या धमनीतून एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवून ती रुंद केली. रुग्ण ८२ वर्षांच्या बाई होत्या, बोटाला गँगरीन झालेलं होतं आणि पाय कापायला त्यांनी नकार दिला होता. पाय वाचला. ही जगातली पहिली अँजिओप्लास्टी, हृदयाच्या अँजिओप्लास्टीच्या १३ वर्षं आधीची. वय झालंय, आता काय करणार, असं कोणी म्हणालं की मला या बाई आठवतात.

तरीही प्रत्येक अडथळा उघडायचा नसतो. रात्रीचं ठणकणं, न भरणारी जखम किंवा गँगरीन असेल तर रक्तपुरवठा वाढवणं गरजेचं आहे आणि ते लवकर व्हायला हवं. फक्त चालताना दुखत असेल तर आधी व्यायाम आणि औषधांना तीन महिने द्यावेत. गुडघ्याखालच्या बारीक धमन्या केवळ चालण्यासाठी उघडणं सहसा टाळावं, त्या लवकर बुजतात. 'पुढे वाढू नये म्हणून आत्ताच फुगा मारून टाकू' असं कोणी म्हटलं तर दुसरं मत घ्या. फुग्याने आजार पुढे वाढायचा थांबत नाही.

अँजिओप्लास्टीत बहुधा जांघेतून नळी घालून फुगा फुगवतात, गरज पडली तर जाळी बसवतात. भूल नुसती त्या जागेपुरती, रुग्णालयात एक-दोन दिवस. कमरेजवळच्या मोठ्या धमनीत स्टेंट छान टिकतो. मांडीत जरा कमी. जिथे सांधा वाकतो तिथे जाळी दुमडते, मोडते, म्हणून ती शक्यतो टाळतात. जांघेतल्या धमनीतला थर ऑपरेशन करून खरवडून काढणंच अनेकदा बरं पडतं.

बायपासमध्ये बहुतेकदा रुग्णाच्या स्वतःच्या पायातली लांब शीर वापरून अडथळ्याला वळसा देतात. गुडघ्याखाली जोडायचं असेल तर स्वतःची शीर कृत्रिम नळीपेक्षा पुष्कळ जास्त टिकते. ऑपरेशन मोठं, भूल मोठी, जखम लांब. २०२२ च्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, ज्यांची शीर चांगली होती त्यांच्यात आधी बायपास केलेला सरस ठरला. २०२३ च्या ब्रिटिश चाचणीत, गुडघ्याखालच्या आजारात आधी अँजिओप्लास्टी केलेली सरस ठरली. त्यामुळे अमुकच चांगलं असं कोणी ठासून सांगत असेल तर सावध राहा. डॉक्टरांना विचारा: शिरेची सोनोग्राफी केली का, ती वापरण्याजोगी आहे का? हृदय आणि मूत्रपिंड भूल सोसतील का? आणि हे केल्यावर जखम भरेल की फक्त चित्र सुधारेल?

पाय कापण्याचा विषय निघाला तर त्याआधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनने पाहिलंय की नाही, हे विचारणं हा रुग्णाचा हक्क आहे. पण कापणं म्हणजे नेहमीच हार नव्हे. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या, रात्रंदिवस कळांनी तळमळणाऱ्या माणसाला निरुपयोगी झालेला पाय वाचवण्यासाठी चौथ्यांदा ऑपरेशन टेबलावर नेणं हा दयाळूपणा नसतो. काहींसाठी चांगलं वेदनाशमन आणि रोजची मलमपट्टी एवढाच योग्य उपचार असतो. हे रुग्णाला विचारून ठरवावं, तो शुद्धीवर आणि बोलता असेपर्यंत.

शिरांचा त्रास: सूज उतरवणं

आधी औषधांच्या पाकिटांकडे बघा. ॲम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी आणि प्रिगॅबालिन ही मज्जातंतूंची गोळी, दोन्हींनी घोटे सुजतात. दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉइडचीही तपासणी हवी. नुसत्या शिरांच्या सुजेसाठी लघवीची गोळी वर्षानुवर्षं घेऊ नये. ती शरीरातलं पाणी आणि क्षार कमी करते, रात्री उठायला लावते, आणि माणूस पडतो.

इथे पाय उंच ठेवण्याचा सल्ला बरोबर, पण खुर्चीसमोरच्या स्टुलावर ठेवलेला पाय उंच होत नाही. आडवं पडून घोटे छातीच्या वर येतील असे ठेवायचे, दिवसातून तीन-चार वेळा, १५ ते ३० मिनिटं. बसल्या बसल्या टाचा-चवडे वरखाली करत राहिल्याने पोटरी काम करते. जो माणूस रात्रीही खुर्चीत बसूनच झोपतो त्याची सूज कोणत्याही मोज्याने उतरणार नाही. त्याला आधी पलंगावर आणावं लागतं.

दाबाचे मोजे हा मुख्य उपचार. साधारण २० ते ३० मिलिमीटर दाबाचे, घोटा आणि पोटरीचा घेर मोजून घेतलेले. ते घालण्याआधी घोट्या-दंडाचा रक्तदाब मोजलेला असलाच पाहिजे. ०.५ च्या आसपास किंवा खाली असेल तर हे मोजे घालायचे नाहीत, आणि ०.५ ते ०.८ च्या मध्ये असेल तर कमी दाबाचे, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. सकाळी उठल्या उठल्या, सूज यायच्या आत घालायचे, रात्री काढायचे. वरचा काठ दुमडायचा नाही, तिथे फास बसतो.

खरी अडचण घालण्याची असते. बोटं वाकडी झालेल्या, पुढे वाकता न येणाऱ्या माणसाला हे मोजे चढवणं अशक्यप्राय वाटतं. टाचेच्या जागेपर्यंत मोजा उलटा करून घ्या, पाऊल आत सरकवा, मग रबरी हातमोजे घालून तळहाताने कापड वर सरकवत न्या, काठ धरून ओढू नका. तेही जमत नसेल तर कमी दाबाचे दोन मोजे एकावर एक घालता येतात, किंवा व्हेल्क्रोने आवळायचे पट्टे मिळतात. जो मोजा रोज घातला जातो तोच कामाचा, भले दाब थोडा कमी का असेना. चार-सहा महिन्यांत लवचीकपणा जातो, तेव्हा नवीन घ्यावे.

घोट्यावरची जखम महिनोन्महिने भरत नसेल तर मलमं बदलत बसू नये. अनेक थरांची दाबाची पट्टी आणि झडपा गेलेल्या शिरेवर लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीचा उपचार, हे दोन्ही लवकर झालं तर जखम लवकर भरते. २०१८ च्या चाचणीत हे दिसलं आहे. उपचार जागेपुरत्या भुलीत होतो आणि रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. अँटिबायोटिक फक्त पू, ताप किंवा पसरणारी लाली असेल तरच.

पायाची रोजची निगा

हे दोन्ही आजारांना लागू. रोज चांगल्या उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहायच्या. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून किंवा घरातल्या कुणीतरी. पाणी कोमट, तेही कोपराने तपासून. बेचक्या कोरड्या करायच्या, क्रीम तळव्याला आणि टाचेला लावायचं, बेचक्यांत नाही. नखं सरळ कापायची. पायातलं कुरूप (घट्टा) ब्लेडने कापू नका आणि त्यावर औषधी पट्टीही चिकटवू नका, तिच्यातल्या आम्लाने कातडी जळते. घरातही अनवाणी चालू नका. बूट घालण्याआधी आत हात फिरवा. नवे बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय किंचित मोठे असतात.

पाय गार लागतात म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा हीटर जवळ ठेवणं अतिशय धोक्याचं. बधीर पायाला भाजलेलं कळत नाही आणि रक्त नसलेल्या पायाची भाजलेली जखम भरत नाही. सैल लोकरी मोजे आणि पांघरूण पुरतं.

पैसे कुठे घालवू नयेत

शिरेतून औषध देऊन 'ब्लॉकेज विरघळवणारी' कीलेशन थेरपी पायाच्या धमन्या मोकळ्या करत नाही. जिंको या वनस्पतीच्या अर्काच्या आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी चालण्याचं अंतर वाढल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. थरथरणारी मसाज यंत्रं बरी वाटत असतील, पण गुठळी असेल, जखम असेल किंवा पाय बधीर असेल तर ती वापरू नयेत.

उपचारानंतरची पाळत

स्टेंट किंवा बायपास झाल्यावर पहिल्या वर्षात ठरलेल्या वेळी सोनोग्राफी चुकवू नका. बुजू लागलेली वाट वेळीच कळली तर सोपा उपाय होतो. एका वहीत महिन्यातून एकदा न थांबता किती चालता येतं ते लिहा, सुजेसाठी घोट्याचा घेर टेपने मोजून लिहा, आणि घेत असलेली सगळी औषधं मात्रेसकट लिहा. भेटीला जाताना ती वही न्या. अंतर अचानक कमी झालं, पाऊल पूर्वीपेक्षा गार वाटू लागलं किंवा नवी जखम दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता आधी जा.